दाढ काढली, पुढे काय?

उन्हाळ्याच्या तोंडावर एक आजी ओपीडीत आल्या. वय साठीच्या पुढे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून आलेल्या. सकाळची एसटी धरून घोडेगाव, तिथून पुढे जीपने. तक्रार एकच होती.

"कान ठणकतोय, डॉक्टर. भाकरीचा घास घेतला की कळ पार मस्तकात जाती."

हातातल्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्या होत्या. तीन महिन्यांत दोनदा कानात टाकायचे थेंब, एकदा अँटिबायोटिक आणि चार तऱ्हेच्या वेदनाशामक गोळ्या. त्यातली एक चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. कान पुन्हा पाहिला. पडदा स्वच्छ, पू नाही, मळ नाही. मग त्यांच्या कानाच्या किंचित पुढे बोट टेकवले आणि म्हणालो, "आजी, तोंड उघडा, आता मिटा." बोटाखाली खट् असा धक्का जाणवला आणि आजींनी कळवळून माझा हात बाजूला केला.

तोंडात पाहिले. खालच्या दोन्ही बाजूंना एकही दाढ नव्हती.

"दाढा कधी गेल्या?"

"एक शिबिरात काढली, दोन सरकारी दवाखान्यात. बाकीच्या आपसूक पडल्या."

"मग जेवता कशा?"

"पुढच्या दातांनी. नाहीतर चहात बुडवून."

दुखणे कानाचे नव्हतेच. ते कानाच्या पुढ्यात असलेल्या जबड्याच्या सांध्याचे आणि चावण्याच्या स्नायूंचे होते. तीन महिन्यांत आम्ही तीन डॉक्टरांनी आजींचा कान पाहिला, रक्तदाब मोजला, पण घास कसा चावता हे एकाने विचारले नाही. मी दंतवैद्य नाही, फिजिशियन आहे. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यातले रुग्ण पाहताना अशा कितीतरी कानदुख्या आणि डोकेदुख्या माझ्या हातून गोळ्या घेऊन परत गेल्या असतील. म्हणून हा लेख मी आधी स्वतःसाठी लिहितो आहे आणि मग वाचकांसाठी.

दिवसभर राबणारा सांधा

आपल्या कानाच्या भोकासमोर बोट ठेवून तोंड उघडून पाहा. बोटाखाली जे हलते तो जबड्याचा सांधा. वैद्यकात त्याला टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट किंवा थोडक्यात टीएमजे म्हणतात. बोलणे, गिळणे, जांभई, जेवण यांपैकी कशालाही त्याच्यावाचून चालत नाही.

गुडघा किंवा कोपर बिजागरीसारखे चालतात. जबड्याचा सांधा आधी जागेवर फिरतो आणि तोंड आणखी उघडले की पुढे सरकतो. कवटीच्या खोबणीत खालच्या जबड्याच्या हाडाचे गोल टोक बसते आणि दोघांच्या मध्ये कूर्चेसारखी एक पातळ चकती असते. तोंड उघडताना ही चकती हाडाच्या टोकाबरोबर पुढे यावी लागते. ती जागेवरून सरकली की उघडमीट करताना 'खट्' असा आवाज येतो. फारच अडकली तर तोंड पुरते उघडत नाही. चकतीच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिची झीज सहज भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट. उजवा आणि डावा असे हे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले आहेत. एक हलला की दुसऱ्याला हलावेच लागते. म्हणून एका बाजूने चावण्याची सवय लागली की भार दोन्हीकडे सारखा राहत नाही. या सांध्याची संवेदना वाहणाऱ्या नसेच्या फांद्या कानाकडे आणि कानशिलाकडेही जातात. त्यामुळे बिघाड सांध्यात असतो आणि रुग्ण हात कानावर ठेवतो. यात रुग्णाची चूक नाही. चूक होते ती कान स्वच्छ दिसल्यावरही कानाचेच औषध लिहिणाऱ्याची.

आता दाढांकडे येऊ. जेवताना जबडा जोराने मिटतो तेव्हा वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींवर टेकतात आणि बराचसा भार झेलतात. खालची दाढ काढली आणि ती जागा वर्षानुवर्षे रिकामी राहिली की तिच्या समोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरते. मागची दाढ रिकाम्या जागेत कलते. चावताना जबड्याला वाट बदलावी लागते. दोन्हीकडच्या दाढा गेल्या असतील तर माणूस जबडा पुढे काढून समोरच्या दातांनी चावू लागतो. समोरचे दात तोडण्यासाठी आहेत, दळण्यासाठी नाहीत. ते झिजतात, हलतात आणि चावण्याचे स्नायू थकतात. आजींच्या गालातला स्नायू दाबला तेव्हा तो दोरखंडासारखा ताठ लागत होता.

मग सारा दोष हरवलेल्या दाढांचा?

इथे थोडे सावध राहायला हवे, कारण या प्रश्नाने वैद्यकशास्त्राला एकदा चकवा दिलेला आहे.

१९३४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. कान दुखणे, कानात दडे बसल्यासारखे वाटणे, आवाज येणे, चक्कर, डोकेदुखी अशा त्यांच्या तक्रारी होत्या. कॉस्टेन यांच्या लक्षात आले, की यातल्या अनेकांच्या मागच्या दाढा गेलेल्या आहेत. त्यांनी निष्कर्ष काढला, की दाढांचा आधार गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो, हाडाचे टोक मागे सरकते आणि नसांवर दाब येतो. पुढे बरीच वर्षे हा विकार 'कॉस्टेन सिंड्रोम' या नावाने ओळखला गेला. दंतवैद्य नसलेल्या एका डॉक्टरने कान तपासता तपासता दाढा मोजल्या, याचे मला आजही कौतुक वाटते.

पण त्यांचे स्पष्टीकरण टिकले नाही. हाडाचे टोक नसांवर दाब देते हे शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढच्या दोन दशकांत खोडून काढले. १९८१ मध्ये नेदरलँड्समधील नायमेगेनच्या कायसर यांनी दाखवून दिले, की शेवटच्या काही दाढा नसल्या तरी पुढचे आणि मधले पुरेसे दात एकमेकांवर नीट टेकत असतील तर बहुतेक माणसे व्यवस्थित जेवतात. त्याच विद्यापीठाशी जोडलेल्या अभ्यासकांनी टांझानियात केलेल्या पाहणीत असे दिसले, की काही दाढा गेल्याने सांध्याचा त्रास होतोच असे नाही. मात्र एका किंवा दोन्ही बाजूंचा मागचा आधार पूर्णपणे गेला असेल, तर दुखण्याची आणि सांध्यातल्या आवाजाची शक्यता वाढलेली दिसते.

आजच्या समजुतीनुसार जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याला एकच कारण नसते. रात्री दात खाण्याची सवय, दिवसा ताणात दात आवळून धरणे, जुनी इजा, संधिवात, अपुरी झोप, चिंता, नैराश्य असे अनेक धागे त्यात असतात. प्रौढांपैकी साधारण ५ ते १२ टक्के लोकांना हा त्रास असतो असे मानले जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो जास्त होतो आणि त्यातल्या अनेक जणी तिशी-चाळिशीतल्या, बत्तीसच्या बत्तीस दात असलेल्या असतात. उलट तोंडाचे पुरते बोळके झालेले कितीतरी आजोबा जबड्याची एकही तक्रार न सांगता नव्वदीपर्यंत जगतात.

हा तपशील सांगण्याचे कारण आहे. 'तुमची एक दाढ गेली, आता सांधा खराब होणार, लगेच इम्प्लांट बसवा' असे कोणी घाबरवत असेल तर घाबरू नका. त्याचबरोबर एकामागून एक सगळ्या दाढा काढून घ्यायच्या आणि रिकामी जागा तशीच सोडून द्यायची, हेही निरुपद्रवी नाही.

आपल्याकडे दाढा जातात कशा?

जुन्नर आणि आंबेगावचे दोन चेहरे आहेत. पुणे-नाशिक रस्त्याच्या आसपास आणि पूर्वेला कुकडीच्या पाण्यावरचा ऊस, द्राक्षे, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत भात, नाचणी आणि हिरड्यावर जगणारा आदिवासी पट्टा. दाढ दुखली की पूर्वेचा शेतकरी निदान नारायणगाव किंवा मंचरच्या खासगी दवाखान्यात जाऊन 'रूट कॅनलला किती?' असे विचारतो. पश्चिमेकडचा माणूस दुखणे सहन होईनासे झाल्यावर येतो आणि म्हणतो, "काढूनच टाका." दोघांचा शेवट पुष्कळदा एकच होतो, कारण दाढ वाचवण्यासाठी काही हजार रुपये आणि तीन-चार खेपा लागतात. काढायला एक खेप पुरते.

सुरुवात मात्र फार आधी झालेली असते. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कुठलाही दुधाचा दात न पडता ती गुपचूप येते, म्हणून आईवडील तिलाही दुधाचीच समजतात. 'पडणारच आहे' म्हणून तिच्या कीडीकडे दुर्लक्ष होते. चावण्याच्या कामातली ही सर्वांत महत्त्वाची दाढ. बिस्किटे, चॉकलेट आणि गोड चहा यांच्या माऱ्यात बहुतेकांची पहिली बळी तीच ठरते. सहा वर्षांच्या नातवाच्या तोंडात टॉर्च मारून ही दाढ शोधा, एवढे एक काम हा लेख वाचून झाल्यावर आजी-आजोबांनी जरूर करावे.

मोठेपणी मिश्री असते. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली काळी पूड. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक बायका ती दिवसातून चार-पाच वेळा लावतात. 'दात घट्ट होतात' ही त्यामागची समजूत. प्रत्यक्षात तिच्यामुळे हिरड्या दातांपासून सुटतात, दात मुळापासून हलू लागतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे सांगणाऱ्या मावशीला ती सवय नसून व्यसन आहे हे समजावणे दारू सोडवण्याइतकेच अवघड जाते. त्यात मधुमेहाची भर पडली आहे. साखर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो आणि हिरड्यांत पू साठला असेल तर साखर ताब्यात येत नाही.

'वरची दाढ काढली की नजर जाते' ही आणखी एक समजूत. तिच्यामुळे लोक किडलेली वरची दाढ सांभाळत बसतात आणि खालच्या तेवढ्या बिनधास्त काढून घेतात.

दुखण्यापेक्षा गोळ्या महाग

जबड्याच्या या दुखण्याने कोणी मरत नाही. मग एका फिजिशियनने त्याची एवढी चिंता का करावी? दोन कारणांसाठी.

पहिले म्हणजे गोळ्या. कान किंवा डोके दुखते म्हणून किराणा दुकानातून, मेडिकलमधून किंवा आमच्याच चिठ्ठीवर घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने सुरू राहतात. अशा माणसाला बहुधा रक्तदाब असतो, साखर असते, वय झालेले असते. या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडे निकामी व्हायला हातभार लागतो. पायांवर सूज आणि वाढलेले क्रिएटिनिन घेऊन आलेल्या माणसाला 'गोळ्या कशासाठी घेत होता?' असे विचारल्यावर 'दाढंसाठी', 'कानासाठी' असे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे.

दुसरे म्हणजे ताट. चावता येईना की माणूस ताटातून काय काय वगळतो ते पाहा. आधी शेंगदाणे, हरभरे, फुटाणे जातात. मग काकडी, मुळा, गाजर. मग बाजरीची भाकरी. मटण आणि मासवडीची तर गोष्टच सोडा. उरतो तो मऊ भात, चहात बुडवलेली खारी, टोस्ट, बिस्किट. म्हणजे प्रथिने आणि चोथा गेला, मैदा आणि साखर आली. मधुमेह्याला मी सांगतो, 'भात कमी करा, कोशिंबीर वाढवा', आणि तो मान डोलावतो. ती कोशिंबीर चावायला त्याच्याकडे दाढाच नाहीत, हे माझ्या आहाराच्या तक्त्यात कुठेच लिहिलेले नसते.

प्रत्येक जबडादुखी सांध्याची नसते

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. चढ चढताना किंवा ओझे उचलताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर राहतो, सोबत घाम येतो, छातीवर दडपण येते किंवा दम लागतो, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. दातांच्या दवाखान्यात न जाता तडक ईसीजी काढा.

तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल आणि त्याच बाजूचा कान दुखत असेल तर कर्करोगाची तपासणी हवी. जिभेच्या मुळाशी किंवा घशात गाठ असली तरी पहिली तक्रार कानदुखीची असू शकते.

तरुण मुलाचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले, तिखट झोंबू लागले आणि तो गुटखा किंवा सुपारी खाणारा असेल, तर ते सांध्याचे दुखणे नाही. गालांची आतली त्वचा आवळत चालल्याची ती खूण आहे आणि तिच्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी अशी मुले ओपीडीत येतच आहेत. शेतात जखम झाल्यानंतर काही दिवसांत जबडा आखडला तर धनुर्वाताची शंका घेऊन लगेच रुग्णालय गाठा. गालात विजेचा झटका बसावा तशी क्षणभर कळ येत असेल तर तो चेहऱ्याच्या नसेचा विकार असतो. अशी कळ घालवण्यासाठी एकामागून एक चांगले दात काढून घेतलेले रुग्णही मी पाहिले आहेत.

घरी काय करावे, काय करू नये

स्वतःची तपासणी सोपी आहे. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक ठेवून उभी तोंडात मावतात का पाहा. मावत असतील तर तोंड पुरेसे उघडते. आरशासमोर तोंड सावकाश उघडा. हनुवटी एका बाजूला वळते का, दुखते का, ते पाहा. नुसता खट् आवाज येत असेल, पण दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर कोणत्याही उपचाराची गरज नाही.

दुखत असेल तर बहुतेकांना साध्या उपायांनी काही आठवड्यांत आराम पडतो. मऊ पण सकस खा. वरण, उसळ शिजवून घोटून, अंडी, ताकात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी. ऊस दातांनी सोलणे, हाड फोडणे, सुपारी चघळणे बंद. गालाला आणि कानाच्या पुढे १५-२० मिनिटे गरम कापडाने शेक द्या, दिवसातून दोन-तीनदा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे जेवत नसताना ओठ मिटलेले आणि दात सुटे असावेत. 'न' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे ती टेकवून ठेवा, दात आपोआप सुटे राहतात. ओझे उचलताना, गाडी चालवताना, रागात असताना आपण नकळत दात आवळतो. ते लक्षात आले की सोडा. जबड्याचे व्यायाम मात्र दंतवैद्याकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलने या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम, स्नायूंवरचे हाताने केलेले उपचार, ताण हाताळण्याचे मानसोपचार आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांना सर्वाधिक पसंती आहे. दातांची ठेवण कायमची बदलणारे उपाय आणि चकती काढण्याची शस्त्रक्रिया यांच्या त्या स्पष्ट विरोधात आहेत. हे शहाणपण महागात पडून आलेले आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत सांध्यातली चकती काढून तिथे टेफ्लॉनचे तुकडे बसवण्याची लाट आली होती. ते तुकडे झिजले, त्यांच्या कणांनी आजूबाजूचे हाड पोखरले आणि १९९० च्या सुमारास तिथल्या औषध प्रशासनाला ते परत मागवावे लागले. तेव्हा केवळ सांधा दुखतो म्हणून चांगले दात घासून 'बाइट' बदलून घ्यायला कोणी सांगितले, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्या.

शिबिरात दात बसत नाहीत

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था दात काढते. मोफत काढते, बहुतेकदा चांगले काढते. पण काढलेल्या जागी दात बसवणे हे ती आपले काम समजत नाही. मोतिबिंदू काढून आत भिंग न बसवता रुग्णाला घरी पाठवले तर आज गहजब होईल. दाढांच्या बाबतीत आपण नेमके तेच करत आलो आहोत आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. केस संपली, रजिस्टरमध्ये नोंद झाली.

याचे एक कारण कामाच्या स्वरूपात आहे. शिबिरात एका दिवसात पन्नास दाढा काढता येतात. कवळी किंवा काढ-घालीचे दात मात्र एका दिवसात बसत नाहीत. माप घ्यायचे, साचा करायचा, मेणावर दात लावून पाहायचे, बसवायचे, मग टोचते तिथे घासून द्यायचे. चार-पाच खेपा होतात. दात बनवायला प्रयोगशाळा आणि तंत्रज्ञ लागतो. तो बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत नसतो. आहुप्याकडून किंवा नाणेघाटाकडून येणाऱ्या माणसाची प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेली मजुरी. म्हणून फुकट कवळीसुद्धा त्याला परवडत नाही.

दुसरे कारण आम्ही डॉक्टर आहोत. दात दंतवैद्याचे आणि बाकी शरीर आमचे, अशी वाटणी आम्ही विद्यार्थिदशेतच मान्य केली. आमच्या वेळी एमबीबीएसमध्ये दातांच्या वाट्याला आलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके होते. जबड्याचा सांधा या वाटणीच्या नेमका बांधावर येतो. हा फक्त आपल्याकडचा दोष नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२० साली याच विकारावर मोठा अहवाल काढला. दंतवैद्यक आणि वैद्यक यांच्या मधल्या दरीत हे रुग्ण वर्षानुवर्षे इकडून तिकडे टोलवले जातात, हीच त्यातली मुख्य खंत होती.

यावर काय करता येईल? मला चार गोष्टी सुचतात आणि त्यांपैकी एकीसाठीही नवे रुग्णालय बांधावे लागत नाही.

एक, दाढा मोजा. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहेच. त्यासाठी तोंड उघडून पाहिले जाते. उघडलेच आहे, तर एकमेकींवर टेकणाऱ्या दाढांच्या जोड्या किती उरल्या तेही लिहा. आणि 'भाकरी चावता येते का?' एवढा एक प्रश्न आशाताईंच्या फॉर्ममध्ये घाला.

दोन, दाढ वाचवणे हे सरकारी काम माना. पहिल्या कायमच्या दाढेच्या खाचा बुजवून घेणे, वेळीच सिमेंट भरणे आणि जमेल तिथे रूट कॅनल ही कामे दात काढण्याइतकीच सहज मिळायला हवीत. शालेय आरोग्य तपासणीत सहा-सात वर्षांच्या मुलांची ही एक दाढ जरी नेटाने पाहिली, तरी तीस वर्षांनी ओपीडीतली गर्दी कमी होईल.

तीन, या दोन तालुक्यांसाठी दात बनवणारी एक प्रयोगशाळा. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय पुणे-नाशिक महामार्गावर आहे आणि दोन्ही तालुक्यांना सोयीचे आहे. तिथे एक तंत्रज्ञ असेल आणि ठरलेल्या वारी दंतवैद्य माप घ्यायला व दात बसवायला पश्चिमेकडच्या आरोग्य केंद्रांवर जाणार असेल, तर रुग्णाच्या चार खेपा वाचतील. फिरता दवाखाना दात काढायला जाऊ शकतो, तर माप घ्यायलाही जाऊ शकतो.

चार, आहेत त्या योजनांत कवळीला जागा द्या. केंद्राच्या २०१७ मधील राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कृत्रिम दातांचे नाव आहे. चष्मे आणि काठ्या शिबिरात वाटता येतात. कवळी वाटता येत नाही, ती एकेकाच्या मापाने करावी लागते. म्हणून तिच्यासाठी वेगळी व्यवस्था हवी. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा अशी नावे ठळकपणे घेतली जातात. तितक्याच ठळकपणे कवळीचेही नाव घेतले जावे. केरळ आणि कर्नाटक या राज्यांनी गरीब ज्येष्ठांना मोफत कवळी देणाऱ्या योजना आखल्या आहेत. आपल्याला हे अशक्य का असावे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जिथे सर्पदंशाच्या लसीची आणि बाळंतपणाच्या सोयीची चिंता आहे, तिथे दातांचे लाड कशाला? बाळंतपण आणि सर्पदंश आधी, यात वाद नाही. पण जेवणे हा लाड नाही. जपानने १९८९ मध्ये '८०२०' ही मोहीम सुरू केली, ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात. त्या वेळी हे साधणारे दहांत एकही नव्हते. २०१६ च्या पाहणीत ते निम्म्याहून अधिक झाले. त्यात कुठली जादू नव्हती. शाळेपासून दात मोजणे आणि ते वाचवणे हे सार्वजनिक काम मानले गेले, इतकेच.

त्या आजींचे काय झाले? मी गोळ्या बंद केल्या, शेक आणि सवयी समजावल्या, आमच्या दंतवैद्य सहकाऱ्याकडे पाठवले. सहा आठवड्यांनी आल्या तेव्हा कान दुखायचा पुष्कळ कमी झाला होता. मिश्री पाच वेळांवरून दोनवर आली होती. ती पुरती सुटली नाही, हेही त्यांनीच सांगितले. दातांचे माप मात्र दिलेले नव्हते. "चार बार यायचं म्हणत्यात. हिरड्याचा हंगाम हाये, कोण सोडून येईल?"

माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते. तुमच्या घरात कोणी वयस्कर माणूस कान दुखतो म्हणत असेल, तर आज रात्री त्यांच्याबरोबर जेवायला बसा आणि ते घास कसा चावतात तेवढे पाहा. आणि आमच्यापैकी कोणी नुसताच कान पाहून चिठ्ठी लिहू लागला, तर त्याला सांगा, "डॉक्टर, जरा तोंडही बघा."